अंडी कमी झाली? टॉनिक आणण्याआधी अंडं कुठे अडतंय ते शोधा

दसरा उलटला की हा प्रश्न ठरलेलाच. परवापर्यंत सहा-सात अंडी मिळत होती, आता दोन-तीनवर आली, एखाद्या दिवशी तर एकही नाही. कोंबड्या दाणे टिपतात, हिंडतात, आजारी काही दिसत नाहीत. मग काय द्यावं? बहुतेक घरी पुढे एकच होतं. दुकानातून कॅल्शिअमची नाहीतर व्हिटॅमिनची बाटली येते, आठ-दहा दिवस पाण्यातून दिली जाते, फरक पडत नाही. शेवटी 'ही जातच वाईट' म्हणून चांगल्या कोंबड्या बाजाराला जातात. फेब्रुवारी-मार्चात उरलेल्या कोंबड्या पुन्हा अंड्यावर येतात आणि सगळे हा विषय विसरतात. पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच.

परसात दहा-पंधरा कोंबड्या पाळणाऱ्या घरात अंड्यांचे चार पैसे बाईच्या हातात येतात आणि लेकरांच्या ताटात अंडं पडतं. म्हणून हे नुकसान मला लहान वाटत नाही. माझा आग्रह एवढाच आहे की बाटलीला हात लावण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं मिळवा. कोंबडी अंडं घालतेय पण ते तुमच्या हाती येत नाही, की ती मुळात घालतच नाही? आणि घालत नसेल, तर सगळ्या थांबल्यात की काहीच? या दोन उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं.

एक गोष्ट मात्र सगळ्याच्या आधी

दोन-तीन दिवसांत सगळ्याच कोंबड्यांची अंडी एकदम घसरली आणि सोबत हिरवट पातळ हगवण, तोंड उघडून श्वास घेणं, घरघर, मान वळणं किंवा पंख सोडून एका जागी बसणं दिसलं, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. ही मानमोडी, म्हणजे राणीखेत, असू शकते. त्यावर औषध नाही, फक्त आधी दिलेली लस कामाला येते. दिसायला बऱ्या असलेल्या कोंबड्या त्या वेळी घाईने विकू नका. त्यांच्यासोबत रोग दुसऱ्याच्या खुराड्यात जातो. कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर मेलेल्या उघड्यावर टाकू नका, कापूनही खाऊ नका, दवाखान्याला कळवा. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. कळवायला उशीर झाला तर गावच्या गाव कोंबड्या नष्ट कराव्या लागतात, म्हणून हे आवर्जून सांगते. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन लावा.

असं काहीच नसेल, कोंबड्या तरतरीत असतील आणि अंडी हळूहळू घटली असतील, तर घाई नाही. शांतपणे शोध घेऊ.

मुळात किती अंडी यायला हवीत?

पुष्कळदा तक्रार अंड्यांची नसतेच, अपेक्षेची असते. आपली गावठी कोंबडी वर्षाला साधारण साठ ते ऐंशी अंडी देते. दहा गावठी कोंबड्या असतील तर वर्षाची सरासरी काढून बघा, रोजची दोनच्या आसपास भरतात. तीसुद्धा रोज सारखी येत नाहीत. बारा-पंधरा अंड्यांचा एक हप्ता घालायचा, मग खुडूक व्हायचं, म्हणजे पिल्लं काढायला बसायचं, मग थांबायचं, हा तिचा स्वभाव आहे. ज्या पंधरवड्यात सहा कोंबड्या एकदम हप्त्यावर असतात त्या पंधरवड्यात टोपली भरते, आणि आपण तेवढीच रोजची मोजणी धरून बसतो.

सुधारित जातींचं वेगळं. हैदराबादच्या संस्थेची ग्रामप्रिया परसात नीट सांभाळली तर वर्षाला दीडशेच्या वर जाते. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आणि हैदराबादचीच वनराज तिच्या मागे राहतात, पण गावठीच्या पुढे असतात. कडकनाथ मात्र भावाने महाग असली तरी अंड्याला गावठीच्या पंगतीतलीच. ती विकत घेताना कुणी रोज अंडं मिळेल असं सांगितलं असेल तर ते खरं नाही.

शिवाय कुठलीही कोंबडी एका दिवसात एकाहून जास्त अंडं देत नाही. अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्तच वेळ लागतो, त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढण्यात जातात. म्हणून आज आठला घातलं तर उद्या नऊ-साडेनऊला, परवा अकराला, असं पुढे सरकत जाऊन एक दिवस खाडा पडतो. तो खाडा म्हणजे बिघाड नव्हे.

ज्या कॅलेंडरवर दुधाचे लिटर लिहिता त्याच चौकोनात खाली अंड्यांचा आकडा लिहीत जा. एवढं केलं तर 'कमी झाली' हे अंदाजाने म्हणावं लागत नाही. कुठल्या आठवड्यात घसरण सुरू झाली ते दिसतं, आणि त्या आठवड्यात काय बदललं हे आठवायला सोपं जातं. पोतं नवीन आणलं होतं का, खुराडं हलवलं का, नव्या कोंबड्या आणल्या का, शेजारच्या कुत्र्याने धुमाकूळ घातला का.

अंडं घातलं जातंय, पण मिळत नाही

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून इथे वेळ घालवा.

मोकळी हिंडणारी कोंबडी स्वतःची जागा शोधते. कडब्याची गंजी, भाताची उडवी, गोठ्यातली गव्हाण, जळणाच्या भाऱ्यामागचा कोपरा, कर्दळीचं बेट. खुराड्यातल्या अंड्याच्या जागेत पिसवा झाल्या, भुसा ओला राहिला किंवा तिथे दुसरी खुडूक ठाण मांडून बसली, की ती जागा सोडून बाकीच्या बाहेर जातात. आणि पहिली अंडी घालणारी तलंग तर खुराड्यातली जागा ओळखतच नाही.

जुन्या बायकांची याला एक जुनी युक्ती आहे आणि ती आजही सगळ्यात खात्रीची. सकाळी दार उघडताना एकेक कोंबडी हातात घ्यायची आणि मागून बोटाने चाचपायची. पोटात अंडं तयार असेल तर टणक लागतं. ज्यांच्यात लागलं त्यांना डालग्याखाली झाकायचं, बाकीच्या सोडायच्या. दुपारपर्यंत डालग्याखाली अंडं पडलं की मोजणी पक्की. ज्यांना चाचपायची सवय नाही त्यांनी सोपं करावं: आठवडाभर कोंबड्या सकाळी दहा-अकरापर्यंत आतच ठेवाव्या, आत दाणापाणी द्यावं. बहुतेक अंडी त्याच्या आत पडतात. कोंडल्यावर अंडी वाढली तर ती बाहेर जात होती, इतका सरळ हिशेब. त्याच आठवड्यात त्यांना आत घालायची सवयही लागते. अंड्याच्या जागा अंधाऱ्या कोपऱ्यात करा, चार-पाच कोंबड्यांमागे एक पुरे, खाली कोरडा पेंढा. त्यात एखादं लाकडाचं किंवा प्लास्टरचं खोटं अंडं ठेवलं तर नवी तलंग लवकर शिकते. बाहेर सापडलेल्या जागी मात्र सगळी अंडी एकदम उचलू नका. एका अंड्यावर खूण करून ते तिथेच ठेवा, नाहीतर ती जागा बदलते आणि शोध पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी शंका चोराची. मागे काय उरलं ते बघा. कवचाचा तुकडाही नाही, ओलावाही नाही, अंडं नुसतं नाहीसं झालं, तर साप, कारण नाग किंवा धामण अंडं अख्खं गिळते. फुटकं कवच, आतलं चाटून घेतलेलं आणि तेही जागेपासून थोडं दूर, तर मुंगूस. दिवसाढवळ्या जात असेल तर कावळा. तो चोचीने भोक पाडतो आणि उचलूनही नेतो. भिंतीच्या कडेने बीळ असेल तर घूस-उंदीर. इलाज सगळ्यांवर जवळजवळ एकच आहे: अंडी दिवसातून दोनदा-तीनदा गोळा करा, रात्री एकही आत राहू देऊ नका, आणि खुराड्याची जाळी अर्धा इंची घ्या. कोंबड्यांसाठी मिळणारी मोठ्या भोकाची जाळी कोंबडीला आत ठेवते, सापाला बाहेर ठेवत नाही. सापाला मारू नका. साप, मुंगूस, घोरपड यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि उंदीर कमी ठेवण्यात त्यांचाच वाटा मोठा असतो. सर्पमित्राला बोलवा.

तिसरा चोर घरातलाच. कोंबडीच अंडं फोडून खाते. पेंढा चिकट, बाकीच्या अंड्यांना पिवळं लागलेलं आणि एखादीच्या चोचीवर वाळलेला बलक दिसला तर तीच. सुरुवात नेहमी पातळ कवचाच्या अंड्यापासून होते. ते आपोआप फुटतं, चव कळते, मग ती टोचून फोडायला शिकते आणि तिचं पाहून बाकीच्या. जागा अंधारी करा, पेंढा जाड टाका, अंडी लवकर उचला, आणि कवच घट्ट होईल असं खाणं द्या. ते पुढे सांगते. कवचात लाल तिखट भरून ठेवायचा सल्ला सगळीकडे मिळतो, त्यात वेळ घालवू नका. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा लागत नाही. पोपट हिरव्या मिरच्या मजेत खातो ते त्यामुळेच. तुमची कोंबडी तिखटासकट अंडं खाईल. सवय पक्की झालेली कोंबडी वेगळी काढणं हाच शेवटचा उपाय.

घालतच नसेल तर कोण थांबलंय ते हाताने ओळखा

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर कोंबड्या खरोखरच थांबल्यात. आता कोणत्या थांबल्या ते शोधायचं. संध्याकाळी त्या दांडीवर बसल्या की एकेक हातात घ्या, तेव्हा पळापळ होत नाही.

तुरा बघा. अंड्यावरच्या कोंबडीचा तुरा लालभडक, भरलेला, हाताला ऊबदार लागतो. थांबलेलीचा आक्रसलेला, फिकट, वर कोंडा आल्यासारखा. मग शेपटीखाली, अंडं येतं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन पातळ हाडांची टोकं हाताला लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज मावली तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच बोट जेमतेम मावलं तर ती थांबलेली आहे किंवा अजून सुरूच झालेली नाही. ती जागा ओलसर, मोठी आणि फिकट असेल तर चालू, कोरडी, आवळलेली असेल तर बंद. शेवटी छातीचं हाड चाचपा. दोन्ही बाजूंना मांस नसेल आणि हाड हाताला टोचत असेल तर कोंबडी उपाशी आहे, जंतांनी पोखरलेली आहे किंवा आजारी. उलट पोट चरबीने थुलथुलीत लागलं तर ती नुसतं भात नि कणी खाऊन सुस्तावली आहे.

थांबलेल्यांच्या पायात रंगीत दोरी बांधा. मग चित्र स्वच्छ दिसायला लागतं. थांबलेल्यांपैकी कुणाची पिसं झडतायत, कोण खुडूक आहे, कोण वाळली आहे, कोण म्हातारी आहे.

दसऱ्यानंतरचं खरं कारण: दिवस लहान होतो

दिवाळीनंतर अंडी कमी झाली की लोक फटाक्यांना दोष देतात. आवाजाने कोंबडी घाबरते आणि एक-दोन दिवस अंडं चुकतं, हे खरं. पण महिना-दोन महिने थांबण्याचं कारण फटाके नव्हेत. कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं. पूर्ण जोमाने घालायला तिला चौदा ते सोळा तासांचा उजेड लागतो. पुण्याच्या आसपास जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. उजेड डोळ्यांतून आणि कवटीतून मेंदूपर्यंत पोचतो, तिथून अंडाशयाला इशारा जातो. दिवस आखडत गेला की तो इशारा मंदावतो. याच दिवसांत पिसंही झडतात.

पीस म्हणजे जवळपास सगळं प्रथिनच. नवीन पिसं घालायला अंगातलं प्रथिन तिकडे वळतं, अंड्याला उरत नाही. डोक्या-मानेपासून सुरुवात होऊन छाती, पाठ, पंख आणि शेवटी शेपूट असा क्रम असतो. दोन-तीन महिने यात जातात. उघड्या जागी कातडीतून नव्या पिसांचे टोकदार कोंब वर येताना दिसले तर नैसर्गिक झड आहे, चिंता नको. कोंब नसतील तर वेगळं कारण शोधा. फक्त पाठ उघडी असेल तर कोंबडा जास्त चढतोय, शेपटीखालची पिसं गेली असतील तर उवा किंवा दुसऱ्या कोंबड्यांची टोचणी.

झडीच्या काळात टॉनिक देऊन अंडं येत नाही. प्रथिन वाढवून पिसं लवकर भरून आली तर कोंबडी लवकर अंड्यावर येते, तेवढंच आपल्या हातात आहे.

दिवा लावावा का, हे सगळे विचारतात. सुधारित जातींना लावा, उपयोग होतो. गावठीला फरक पडतो पण खर्चाच्या मानाने थोडा, आणि मी तिला हिवाळ्याची विश्रांती देण्याच्याच बाजूची आहे. लावायचा तर छोटा पिवळसर एलईडी पुरतो, दाण्याचं भांडं स्वच्छ दिसेल एवढा उजेड असला की झालं. दिवा संध्याकाळी न लावता पहाटे लावा. संध्याकाळी दिवा एकदम विझला तर कोंबड्या जमिनीवरच अडकतात, अंधारात त्यांना दांडी दिसत नाही. दर आठवड्याला अर्धा तास वाढवत एकूण चौदा तासांपर्यंत न्या. आणि एकदा सुरू केलात तर रोज. चार दिवस दिवा, दोन दिवस भारनियमन, असं झालं तर कोंबडी दिवस आखडल्यासारखं समजते आणि उरलेलीही झडीला लागते. तुमच्याकडे पहाटेच्या विजेचा भरवसा नसेल तर सौर दिवा घ्या, नाहीतर या वाटेला जाऊच नका. अंडी सुरू न झालेल्या कोवळ्या तलंगांना हा उजेड देऊ नये. अंग भरण्याआधी अंडं सुरू झालं तर अंडं अडकण्याचा धोका असतो.

खुडूक

दिवसभर अंड्याच्या जागेत बसून राहते, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते, छातीखालची पिसं उपटलेली असतात. तिला पिल्लं काढायची आहेत. पिल्लं हवी असतील तर याहून चांगलं काही नाही: दहा-बारा फळलेली ताजी अंडी देऊन शांत कोपऱ्यात रवणावर बसवा, एकविसाव्या दिवशी पिल्लं. नको असतील तर तिला तळाला जाळी असलेल्या, जमिनीपासून उचललेल्या पिंजऱ्यात ठेवा. आत पेंढा नको, दाणा-पाणी नेहमीसारखं, उजेड भरपूर. पोटाला खालून वारा लागला की तीन-चार दिवसांत ऊब उतरते. लवकर पकडली तर लवकर सुटते. नाकात पीस अडकवणं, पाण्यात बुडवणं, पायाला बांधून उपाशी ठेवणं हे प्रकार अजून चालतात. ते बंद व्हायला हवेत. त्याने कोंबडी खंगते आणि अंड्यावर यायला उलट जास्त दिवस घेते.

दाणा: पोट भरतं, अंडं भरत नाही

एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिन जातं आणि कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शिअम. कोंबडीला हे तिच्या खाण्यातून मिळवायचं असतं. आपण काय देतो? तांदळाची कणी, ज्वारी, शिळा भात, भाकरीचे तुकडे. पोट भरतं, चरबी वाढते, पण तांदळात प्रथिन सात-आठ टक्के आणि अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यात हवं सोळा टक्क्यांच्या वर. पावसाळ्यात ती किडे, गांडुळं, वाळवी, कोवळा पाला खाऊन ही उणीव स्वतः भरून काढते. पाऊस संपला, रान वाळलं, की किडे गेले. दसऱ्यानंतरच्या घसरणीतला दुसरा मोठा वाटा याचा आहे, आणि तो आपल्याला भरून काढता येतो.

लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचं तयार खाद्य, परवडत असेल तर संध्याकाळी कोंबडीमागे मूठभर द्या, चाळीस-पन्नास ग्रॅम. बाकी ती बाहेर मिळवेल. परवडत नसेल तर भरडलेल्या धान्यात सोयाबीन किंवा शेंगदाणा पेंड मिसळा, शेवग्याचा पाला आणि लसूणघास बांधून लटकवा, टाकीत अझोला, म्हणजे पाण्यावर वाढणारी बारीक हिरवी वनस्पती, करा. कोकणात जवळा मिळतो, तो उत्तम, पण खारवलेली सुकी मासळी देऊ नका, जास्त मीठ कोंबडीला बाधतं. जुन्या माठात ओलं शेण, गोणपाटाचे तुकडे आणि वाळलेला पालापाचोळा भरून वारुळाशेजारी पालथा घातला तर रात्रीतून वाळवी चढते, ती पिल्लांना आणि कोंबड्यांना मेजवानी. शेंगदाणा पेंड वास घेऊन, फोडून बघूनच घ्या. बुरशी लागलेली पेंड किंवा मका यकृतावर जातो, अंडी घटतात आणि कारण सापडत नाही.

कॅल्शिअमसाठी चुन्याची निवळी देण्याची पद्धत घरोघर आहे. तिने नुकसान नाही, पण भागतही नाही. वरच्या स्वच्छ निवळीत लिटरला एक ग्रॅमही कॅल्शिअम विरघळत नाही आणि कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. म्हणजे एका कवचाच्या गरजेचा दहावा भागच मिळाला. त्यापेक्षा शिंपल्याचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. अंड्यावरच्या कोंबड्या बरोबर संध्याकाळी तो टिपतात, कारण कवच रात्री चढतं. तो दाण्यात मिसळू नका, पिल्लांना आणि तलंगांना इतकं कॅल्शिअम मूत्रपिंडाला त्रासाचं. घरातली अंड्याची कवचं द्यायची तर भाजून बारीक कुटून द्या.

ऊन आणि पाणी

वैशाखातली घसरण वेगळी. विदर्भ-खानदेशात दुपारी कोंबड्या पंख सोडून, चोच उघडी टाकून धापा टाकतात. अंडी कमी, लहान आणि पातळ कवचाची होतात. धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो, म्हणून अशा वेळी नुसतं कॅल्शिअम वाढवून कवच सुधारत नाही. सावली, वारा आणि थंड पाणी लागतं. अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. भांडं एका दुपारी कोरडं राहिलं तरी पुढचे काही दिवस अंडी चुकतात. मातीची पसरट भांडी सावलीत, दोन-तीन ठिकाणी ठेवा, कारण एकच असेल तर दांडगी कोंबडी बाकीच्यांना जवळ येऊ देत नाही. दाणा पहाटे आणि दिवस कलल्यावर द्या. छपरावर पेंढा किंवा ओलं गोणपाट टाका.

रात्री बॅटरी घेऊन जा

दिवसा काही दिसत नाही आणि तुरे मात्र फिकट पडत चाललेत, कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जायला नाखूश, झाडावर बसू पाहतात. अशा वेळी रात्री नऊ-दहाला बॅटरी घेऊन दांडीच्या खालची बाजू, सांधे, भिंतीच्या भेगा बघा. गोचीड आणि तांबडे माईट दिवसा तिथे लपतात आणि रात्री रक्त पितात. कोंबडीवर औषध मारून भागत नाही, घर साफ करावं लागतं: सगळं बाहेर काढून उन्हात, भेगा सिमेंट-मातीने बुजवून, दोन हात चुना, दांड्या बदलून किंवा विस्तवावरून फिरवून. दहा दिवसांनी पुन्हा एकदा, कारण अंड्यातून नवे निघतात. कोपऱ्यात कोरडी माती आणि राख ठेवा, कोंबड्या त्यात अंघोळ करून उवा स्वतःच कमी करतात.

पावसाळा संपल्यावर एकदा जंताचं औषध डॉक्टरांना विचारून द्या. किती दिवस ती अंडी खायची नाहीत हेही त्याच वेळी विचारा.

लसीचं एवढं लक्षात ठेवा

मानमोडीची लासोटा लस पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, पुन्हा महिन्याच्या सुमारास, आणि आठ आठवड्यांची झाल्यावर पंखाखाली आर-टू-बी ही मानमोडीचीच दुसरी लस. अंड्यावर आलेल्या कोंबडीला आर-टू-बी टोचू नये, अंडी उतरतात. तिला पुन्हा लस द्यायची वेळ आली तर लासोटाच. लस दवाखान्यातून बर्फात आणा, मिसळल्यावर दोन तासांच्या आत संपवा. कुपी शंभर डोसांची, कोंबड्या आपल्या बारा, म्हणून पुष्कळ जण टाळतात. आळीतल्या सगळ्या घरांनी एक सकाळ ठरवून एकाच कुपीत काम उरकावं. शेजारच्या कोंबड्यांना लस नसेल तर आपल्याही सुरक्षित नाहीत.

राहिल्या म्हाताऱ्या. पहिलं वर्ष सगळ्यात जोमाचं, पुढे दर वर्षी अंडी उतरत जातात, तीन वर्षांनंतर फारशी अपेक्षा नको. कोणती ठेवायची आणि कोणती काढायची हे ठरवताना पायातली दोरी आणि पिसांची झड दोन्ही बघा. ऑगस्टमध्येच पिसं टाकायला लागते आणि महिनोन्‌महिने तशीच उघडी हिंडते ती कोंबडी अंड्याला मंद. नोव्हेंबरपर्यंत अंडी देत राहते, मग एकदम सगळी पिसं टाकते आणि चटकन भरून येते ती तुमची सगळ्यात चांगली कोंबडी. नेमकी तीच त्या दिवसांत सगळ्यात विस्कटलेली, ओंगळ दिसते आणि बाजाराला आधी जाते. तिला ठेवा, आणि फेब्रुवारीत ती खुडूक झाली की रवणावर तिचीच अंडी बसवा.